बाईंच्या मापाचा झगा

मित्रांनो, तुम्ही शाळेच्या रांगेतून या काचेच्या कपाटापुढे येता, तेव्हा तुमचे लक्ष शेजारच्या मोठ्या घड्याळाकडे असते. मला त्याचा राग नाही. घड्याळ अजून चालते, मी नुसता टांगलेला असतो. मी एक जुना काळा झगा आहे. काही जण मला गाऊन म्हणतात, पण तो शब्द ऐकला की मला घरात घालायच्या कपड्यांत नेऊन बसवल्यासारखे वाटते. मी देशाच्या सरन्यायाधीशांचा झगा आहे. म्हणजे होतो.

माझा जन्म याच कोर्टाच्या इमारतीच्या मागच्या अंगाला, शिंप्याच्या खोलीत झाला. खोली लहान, पण खिडकी मोठी. त्या उजेडात आत्ताच्या शिंपीमास्तरांच्या वडिलांनी मला बेतला. जाड लोकरी कापड, आत गुळगुळीत अस्तर आणि गळ्यापासून पायापर्यंत पुढे एक लाल रेशमी पट्टी. शिवून झाल्यावर त्यांनी मला खुंटीला लावले आणि लांब उभे राहून बराच वेळ पाहिले. तेव्हापासूनच माझे डोके जरा चढले, हे मी कबूल करतो.

इतर न्यायाधीशांचे झगे ज्याचे त्याचे असतात. निवृत्त झाले की ते आपला झगा घरी नेतात. माझे तसे नव्हते. मी कुणा एकाचा नव्हतो, मी त्या पदाचा होतो. सरन्यायाधीश बदलले की मला शिंप्याच्या खोलीत आणायचे, नव्या माणसाचे माप घ्यायचे आणि मला त्याच्या अंगाला बसता करायचे. त्यासाठी मास्तरांच्या वडिलांनी माझ्या पोटात भरपूर कापड दुमडून ठेवले होते. जाडे साहेब आले की उसवायचे, किरकोळ साहेब आले की आत घ्यायचे. खाली मात्र कधी कात्री लावायची नाही, दुमड घालायची, असा शिरस्ता होता.

किती तऱ्हेचे खांदे मी पाहिले! एका साहेबांच्या खिशात कायम खोकल्याच्या गोळ्या असत आणि त्या अस्तराला चिकटत. एक साहेब दुपारच्या जेवणानंतर माझ्या बाहीत हात घालून डोळे मिटत. वकिलांना वाटे, साहेब खोल विचारात आहेत. मी गप्प राही. लोक मला पाहून उठून उभे राहत. फोटो निघत. धोब्याला मला हात लावायला देत नसत, इस्त्री मास्तर स्वतः करीत. माझे दिवस मोठ्या थाटाचे होते.

पुढचे सरन्यायाधीश कोण, हे मला नेहमी आधीच ठाऊक असे. त्यात माझी हुशारी काही नाही. जे न्यायाधीश सर्वांत जुने, ते पुढचे. कायद्यात तसे लिहिलेले नव्हते, पण ती रांग कधी मोडली नव्हती. मावळते साहेब आपल्यानंतरच्या माणसाचे नाव सरकारला लिहून पाठवत आणि सरकारचा हुकूम सावकाश, अगदी शपथेच्या तोंडावर येई. त्या हुकमासाठी कुणी अडून बसत नसे. मास्तर मापाची फीत गळ्यात टाकून कधीच कामाला लागलेले असत.

शपथेचीही एक रीत होती. शपथ झाली की मला नव्या सरन्यायाधीशांच्या खांद्यावर घालायचे काम बाकीच्यांतल्या सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशांचे. आज जो दुसऱ्याला झगा घालतो, उद्या त्याच्याच खांद्यावर तो यायचा. म्हणून हे काम सगळे हसतमुखाने करीत.

आता बाईंबद्दल सांगतो. आमच्याकडे स्त्री न्यायाधीश आणखीही होत्या, पण नुसते बाई म्हटले की सगळ्यांना त्याच समजत. त्यांचे वडील खालच्या कोर्टात टायपिस्ट होते. लहानपणी बाई वडिलांच्या टेबलाखाली बसून अभ्यास करीत. उंचीने त्या इतक्या कमी की पट्टेवाले आपापसांत म्हणत, "आधी फायली येताना दिसतात, मागून बाई." बाईंच्या कानावर हे गेले होते आणि त्या स्वतःच कुणाकुणाला ते हसून सांगत.

त्या मोठ्या खटल्याच्या वेळी मी मावळत्या साहेबांच्या अंगावर होतो. ते मधल्या खुर्चीत, उजव्या हाताला बाई, डाव्या हाताला उंच साहेब. ज्येष्ठतेत उंच साहेबांचा क्रम बाईंच्या मागचा होता. सरकारला निवडणूक पुढे ढकलायची होती. कारणे पुष्कळ दिली होती. बाईंनी ती सगळी शांतपणे ऐकली आणि सरकारच्या वकिलांना विचारले, "लोकांना विचारायची वेळ कधी सोयीची असते, तेवढं सांगा." वकिलांनी कागद चाळले. निकाल बाईंनी लिहिला, मावळत्या साहेबांनी त्यावर सही केली. निवडणूक वेळेवर व्हावी, असा तो निकाल होता. उंच साहेबांनी वेगळे मत लिहिले. निवडणूक झाली आणि तेच सरकार पुन्हा निवडून आले. मला वाटले, चला, मिटले. मी कापड आहे मित्रांनो, मला एवढेच कळायचे.

पुढे मावळत्या साहेबांचा शेवटचा दिवस झाला आणि मी शिंप्याच्या खोलीत आलो. बाई माप द्यायला आल्या, सोबत त्यांचे म्हातारे वडील होते. शपथेला घालायला त्यांचा कोटही मास्तरांकडेच शिवायला टाकला होता.

मास्तरांनी मला बाईंच्या खांद्यावर घातले. खाली नेहमीसारखी दुमड घातली, पण उरलेले कापड इतके होते की दुमड ओझ्यासारखी लोंबू लागली. दारातल्या पायरीवर बाई अडखळल्या. टाचण्या तोंडात धरून मास्तर विचारात पडले. न्यायासनाला तर चांगल्या उंच पायऱ्या आहेत.

"जरा वळ बघू," वडील स्टुलावरून म्हणाले.

"बाबा, मी काय स्नेहसंमेलनाला चाललेय?"

"तसंच समज. पण वळ."

बाई हसल्या आणि हळूच एक गिरकी घेऊन थांबल्या. वडील चष्मा काढून पुसत बसले. मी इतक्या लोकांच्या अंगावर बसलो, पण असा आनंद मला कधी झाला नव्हता.

त्या गेल्यावर मास्तरांनी कात्री काढली. त्यांच्या पत्नी पलीकडे बसून कोटाच्या बटणांची काजे करत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तो कापायचा नसतो ना?"

"पडल्या म्हणजे? सगळ्या देशासमोर?" मास्तर म्हणाले. "आणि पुढचं पुढं बघू. एवढ्यात कुठं दुसरं कोण येतंय."

हुकूम अजून आला नव्हता. पण हुकमाची वाट पाहायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. कात्री माझ्यातून गेली, तेव्हा मला जरासुद्धा भीती वाटली नाही. मला वाटले, आता मी खरोखर कुणाचा तरी झालो.

शपथेच्या आदल्या दिवशी सकाळी मावळते साहेब स्वतः खोलीत आले. ते कधी येत नसत. मास्तर गडबडीने उभे राहिले.

"मास्तर, माप बदलावं लागेल."

"बाईंना कुठं घट्ट होतोय का?"

"बाई नाहीत. उंच साहेब आहेत."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मी टेबलावर इस्त्री होऊन नीट पडलो होतो.

"मी तो कापला, साहेब."

"दुमडला नाहीत?"

"पायात येत होता. आणि बाईच होणार होत्या ना?"

"मीही तेच लिहून पाठवलं होतं," मावळते साहेब म्हणाले. "सरकारनं मला दोनदा बोलावून सांगितलं, नाव बदलून पाठवा. मी नाही बदललं. त्यांनी बदललं." मग ते म्हणाले, "आता माझ्या हातात काही नाही. कालपासून मी साधा माणूस आहे."

नवा झगा शिवायला सवड नव्हती. कापलेली पट्टी मास्तरांच्या पत्नींनी कपाटातून काढून आणली. ती त्यांनी जपून ठेवली होती. दोघे दिवसभर खाली मान घालून मला जोड देत बसले. टाके कितीही बारीक घातले तरी जोड दिसायचाच. पुढची लाल पट्टी तर जोडापाशी केसभर सरकली, ती काही केल्या सरळ येईना. मास्तर टाके उसवून पुन्हा घालत आणि पुन्हा उसवत. बाह्या आणि खांदे बाईंच्या मापाचेच राहिले, तिकडे पाहायला वेळच उरला नाही. मला ओरडावेसे वाटत होते. सुई टोचते म्हणून नव्हे. पण झग्याला तोंड नसते, आणि तोंड असलेलेही त्या दिवशी मूग गिळून बसले होते.

एवढ्यात कोर्टाचे निबंधक खोलीत आले. बाई मागून आल्या, वडिलांचा कोट न्यायला. निबंधक खाली पाहत म्हणाले, "बाई, उद्या झगा घालायचं काम रीतीप्रमाणे तुमच्याकडे येतं. तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही समजू शकतो. दुसऱ्या कुणाला तरी सांगू."

बाईंनी माझ्या जोडावरून बोट फिरवले. "एक रीत त्यांनी मोडली," त्या म्हणाल्या. "दुसरी माझ्या हातून मोडायला नको." मग मास्तरांना विचारले, "बाबांचा कोट झाला का?"

"झालाय. पण आता..."

"ते येणारच म्हणतायत. कोट शिवलाय, तर घालणार म्हणतात."

दुसऱ्या दिवशी मोठे दालन गच्च भरले होते. बाईंचे वडील पहिल्या रांगेत नव्या कोटात ताठ बसले होते. जागा आधी ठरल्या होत्या, त्या बदलायचे कुणाच्या लक्षात आले नसावे. उंच साहेबांनी शपथ घेतली. मग बाई मला दोन्ही हातांत घेऊन पुढे आल्या. मी मनात म्हणत होतो, मला टाका, मला जमिनीवर पडू द्या. त्यांनी मला टाकले नाही.

उंच साहेबांच्या खांद्यापर्यंत त्यांचे हात पोचेनात. त्या टाचा उंचावून उभ्या राहिल्या. साहेब क्षणभर तसेच उभे होते, मग गुडघ्यांत वाकले. त्या दोघांमध्ये मी होतो, म्हणून त्यांचे बोलणे मला एकट्याला ऐकू आले.

"तुम्हाला नाही म्हणता आलं असतं," बाई म्हणाल्या.

"आलं असतं."

बाईंनी माझी कॉलर सारखी केली आणि त्या मागे सरल्या. टाळ्या वाजल्या. मला त्या टाळ्यांची लाज वाटली, पण लाज वाटून मी करणार काय? मी बाईंच्या हातून त्या खांद्यावर गेलो आणि तिथेच राहिलो.

ऐकून झालेल्या खटल्यांचे निकाल लिहून होईपर्यंत बाई रोज येत होत्या. ते संपले तसा त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्यासाठी कुठलाही समारंभ झाला नाही. मी तेव्हा मधल्या खुर्चीत होतो, त्यांना दारापर्यंत सोडायला कोण गेले ते मला माहीत नाही.

माझेही पुढे फार दिवस राहिले नाहीत. एका वर्तमानपत्राने फोटो छापला. त्यात साहेबांच्या चेहऱ्यापेक्षा माझा जोडच ठळक आला होता. लोक कुजबुजू लागले. उंच साहेबांनी नवा झगा शिवून घेतला आणि मला जपणुकीच्या गोंडस नावाखाली या काचेत आणून लावले. मला त्यांनी अंगावेगळे केले, याचे मला दुःख झाले नाही.

टांगून टांगून जोडाचे टाके ढिले झाले. एका सफाईच्या वेळी खालची पट्टी निम्मी लोंबताना दिसली. नव्या अधिकाऱ्यांना ती कशाची, काय ठाऊक? वाईट दिसते म्हणून त्यांनी ती उसवून काढली आणि कचऱ्यात टाकली. तेव्हापासून, मित्रांनो, मी पुन्हा बरोबर बाईंच्या मापाचा झालो आहे. शेजारच्या पाटीवर मला घालणाऱ्या सगळ्या सरन्यायाधीशांची नावे आहेत. बाईंचे नाव त्यात नाही. तुमच्यातली मुले पाटी वाचतात, मला पाहतात आणि हसून विचारतात, "हे सगळे साहेब एवढे बुटके होते का?" बाई तुम्हाला पुढे ढकलतात. तुमच्या शाळेच्या बाई, आमच्या नव्हेत.

आमच्या बाई एकदाच आल्या. साध्या कपड्यांत, हातात पिशवी. केस पांढरे झाले होते. सोबत वडील नव्हते. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि काचेत त्यांचे प्रतिबिंब पडले. खांद्याला खांदा लागला, बाहीच्या टोकाशी त्यांचे मनगट आले, खाली त्यांच्या घोट्यापाशी मी संपलो. कुठेही कमी नाही, कुठेही जास्त नाही. बाईंनाही ते दिसले असावे. त्यांनी जागच्या जागी, हळूच, एक गिरकी घेतली. मग त्यांचा हात काचेकडे आला.

"काचेला हात लावू नका, आजी," पहारेकरी लांबूनच म्हणाला. तो नवा होता, त्याचा काही दोष नाही.

"नाही लावत," बाई म्हणाल्या, आणि पिशवी सावरून निघून गेल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असे सांगून मी माझी गोष्ट संपवायला हवी. पण मला जपणारे पुष्कळ आहेत. इथे कुलूप आहे, पहारा आहे, कसर लागू नये म्हणून गोळ्या आहेत. तुम्हाला जमले तर एवढेच करा. उद्या तुमच्यासमोर कुणाची पाळी डावलली जाईल आणि सगळे टाळ्या वाजवू लागतील, तेव्हा तुम्ही वाजवू नका. मला हात नव्हते, म्हणून मी वाजवल्या नाहीत. तुम्हाला आहेत.