लसणाऐवजी कांदा

दोन वर्षांपूर्वी आमच्या अण्णांच्या मेंदूत एक लहानशी गुठळी झाली. औषधांनी ती गेली, पण जाताना सगळ्यांचे चेहरे घेऊन गेली. डोळे ठणठणीत आहेत. मार्केट यार्डात गाळ्यावर बसल्या जागेवरून ते लांबच्या पोत्यातला लसूण जुना की नवा ते सांगतात. फक्त नाक, डोळे, तोंड सगळं दिसूनही त्याचा माणूस तयार होत नाही. एकदा आरशात बघून म्हणाले, "या गृहस्थांना कुठंतरी पाहिलंय." मी हसलो. ते हसत नव्हते, हे मला जरा उशिरा कळलं.

यार्डात हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. समोर कोण उभा आहे हे न कळणाऱ्या अडत्याकडे माल कोण आणणार? यार्डाच्या गलक्यात आवाजावरूनही ओळख पटेना, म्हणून अण्णांनी तोड काढली. पूर्वी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरायचा. ती पद्धत बंद झाली, पण अण्णांच्या हातांना बोटांची ओळख राहिली होती. मग समोर येईल त्याचा हात दोन्ही हातांत घ्यायचा, अर्धं मिनिट चाचपायचा आणि नाव घ्यायचं. आजारपणानंतर तात्याराव भिंताडे भलते प्रेमळ झाले, असं यार्डात सगळे म्हणू लागले. ज्यांना ते पूर्वी शिव्या घालायचे, त्यांचाही हात आता सोडत नसत.

घरी आईचाही चेहरा गेला होता. पण दवाखान्यातून आले त्या दिवशी आईनं विचारलं, "अहो, मी तरी ओळखू येते ना?" अण्णा म्हणाले, "सगळे गेले शालन, तू तेवढी राहिलीस."

खोटं होतं. आई कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचते. तो वाजला की ही शालन, एवढाच हिशेब. हे त्यांनी फक्त मला सांगितलं, स्वारगेटच्या सिग्नलला, स्कूटरवर मागे बसून, कारण तेव्हा मला वळून त्यांच्याकडे बघता येत नव्हतं. म्हणाले, तिला कळता कामा नये, तिच्याकडे आता एवढंच आहे.

हे मी डॉक्टरांना सांगितलं.

डॉ. पूर्णिमा खरवंडीकर म्हणजे अत्यंत भली बाई. अण्णा आत तपासणीला गेले की बाहेर माझ्याशी गप्पा मारायच्या. एकदा म्हणाल्या, "तू फार छान सांगतोस रे." मला चोवीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. घरी मला "पुरे" म्हणतात. मग मी सुटलोच. आरसा सांगितला. चुलतबहीण दीपालीच्या लग्नात अण्णांनी फेटा बांधलेल्या वाढप्याला नवरदेव समजून संसारावर दहा मिनिटं उपदेश केला, ते सांगितलं. वाढप्याचे डोळे भरून आले होते. त्याचं खरंच पुढच्या महिन्यात लग्न होतं. बाई पोट धरून हसल्या. किस्से संपल्यावर मी किल्ल्यांचं सांगितलं. त्याला त्या हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं. मला ते हसण्यापेक्षाही जास्त आवडलं.

मध्ये बाईंकडून एक संमतीपत्र आलं होतं. अण्णांनी विचारलं, यात काय आहे? मी म्हणालो, विद्यार्थी शिकतात यातून, करा सही. मी ते वाचलं नव्हतं. मोबाइलमध्ये 'मला अटी मान्य आहेत' असं ज्या श्रद्धेनं दाबतो, त्याच श्रद्धेनं साक्षीदार म्हणून खाली सही ठोकली. यावर सर्वसामान्य वाचकांसाठी लेखन होईल, हेही त्यात होतं. तिसऱ्या ओळीत. बारीक अक्षरातसुद्धा नव्हतं.

'डोक्यातली पेठ' हे बाईंचं पुस्तक नारायण पेठेतल्या एका हॉलमध्ये प्रकाशित झालं. आधी त्यांचा फोन आला होता: ओळख पूर्ण बदलली आहे, काळजी नको, आभारात तुझा उल्लेख करते, पूर्ण नाव सांग. मी सांगितलं. आडनाव दोनदा सांगितलं, लोक चुकवतात म्हणून.

अण्णा पुस्तकात 'श्री. ब' झाले होते आणि कांद्याचे व्यापारी झाले होते. आमच्या शेजारच्या गाळ्यावर कोंडीरामशेठ कांदा विकतात.

पुस्तक यार्डात पोचलं आणि तीन दिवस लोक कोंडीरामशेठसमोर उभे राहून सावकाश, मोठ्यानं आपापली नावं सांगू लागले. तीस वर्षं त्यांची पोती उचलणारा वैजनाथ हमाल म्हणाला, "मी वैजनाथ. घाबरायचं नाही." शेठ ओरडले की मला सगळे ओळखू येतात. लोकांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. आजारात असं होतं म्हणे. चौथ्या दिवशी शेठनी पुस्तक विकत आणलं. कांद्याच्या भावाखेरीज काही न वाचणारा माणूस, पण बेअब्रू झाल्यावर शेवटच्या पानापर्यंत गेला. तिथं आभार होते: 'श्री. ब यांचे चिरंजीव श्री. आयुष तात्याराव भिंताडे'.

प्रकरणाची अकरा पानं बाईंनी अण्णांना झाकून ठेवलं होतं, आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर माझ्या नावाच्या मधोमध उभं केलं.

शेठ आमच्या गाळ्यावर आले तेव्हा मी तिथं होतो. अण्णांनी सवयीनं हात पुढे केला. शेठनी आपले हात पाठीमागे घेतले.

"तात्याराव, दोन वर्सं माझा हात सोडत नव्हता तुमी," ते म्हणाले. "मला वाटलं, माया हाय."

त्या दिवसापासून यार्डात लोक खिशात हात घालून फिरायला लागले. एकानं गंमत म्हणून स्वतःच्या जागी दुसऱ्याचा हात पुढे केला, अण्णांनी दुसऱ्याचं नाव घेतलं, आणि आठ-दहा माणसं हसली. किस्सा म्हणून चांगला होता. मीच सांगितला असता.

मी बाईंकडे गेलो. त्यांना खरोखर वाईट वाटलं. पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "पण मी लसणाऐवजी कांदा केला होता ना." घरात असंच माणूस असलेल्या लोकांची त्यांना पत्रं आली होती, आम्ही एकटे नाही हे पहिल्यांदाच कळलं, असं लिहिलेली. ती पत्रं खरी होती. दुसऱ्या आवृत्तीत बटाटा करू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, किल्ल्यांचं का लिहिलंत? ते आईला माहीत नव्हतं.

बाईंनी पुस्तकातलं ते पान उघडलं. मग म्हणाल्या, "तू इतकं रंगवून सांगितलंस, आयुष. मला वाटलं, घरात सगळ्यांना माहीत असणार."

घरी आलो तर आई टेबलाशी बसली होती. कोंडीरामशेठच्या यमुनाबाई पुस्तक देऊन गेल्या होत्या. ते उघडं होतं, आणि पान उलटू नये म्हणून त्यावर किल्ल्यांचा जुडगा ठेवला होता. आई आजवर घडी न मोडलेली, अण्णांनी कधी न पाहिलेली नवी साडी नेसली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं ओठांवर बोट ठेवलं.

अण्णा आले. चपला काढल्या. आई उठून त्यांच्यासमोर उभी राहिली, हातभर अंतरावर. अण्णांनी तिच्याकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघून हसतात तसं हसले.

"बसा ना," ते म्हणाले. "शालन आतच असेल. आपण कुणीकडच्या?"

मी नुसतं 'आई' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. एका परक्या बाईसमोर दोन वर्षं ज्याचं तोंड थांबलं नाही, त्याला तेव्हा दोन अक्षरं फुटली नाहीत.

आईनं जुडगा उचलला आणि कमरेला खोचला. तो वाजला. अण्णांचा चेहरा हळूहळू उतरला. ते "शालन" म्हणाले, पण ती स्वयंपाकघराकडे वळली होती. "पान वाढते," ती म्हणाली, बस.

अण्णा टेबलापाशी आले. उघड्या पुस्तकावर हात टेकला. मग माझा हात दोन्ही हातांत घेतला. अर्धं मिनिट चाचपला, बोट न् बोट, नीट.

नाव घेतलं नाही. हात सोडला आणि जेवायला गेले.