उघाडीवरचा विंच

उघाडीच्या विंचचा दांडा हिरामणच्या घरी दाराआड खुंटीला टांगलेला असायचा. एक नाही दोन नाही, तीस वर्षं. खाडीच्या बांधात एक लोखंडी दार, त्यालाच गाव उघाडी म्हणतं. ओहोटीला ते विंचने, म्हणजे दांड्याने फिरवायच्या रहाटाने, वर उचलायचं म्हणजे शेतात साठलेलं पावसाचं पाणी खाडीत जातं, आणि भरती यायच्या आत खाली सोडायचं. दार वेळेवर खाली आलं नाही, तर खारं पाणी भातात शिरतं आणि पुढची तीन वर्षं त्या जमिनीत कुसळसुद्धा उगवत नाही. असं हे काम. पगार शून्य. मान मात्र होता म्हणतात, आता तो कुठे ठेवायचा ते हिरामणलाच ठाऊक.

पण माणूस चोख. दर आठ दिवसांनी विंचची तपासणी ठरलेली. फडकं घेऊन वायरवरून फिरवायचं. कुठे धागा अडकला की समजायचं, तिथली तार तुटलीय. पायाच्या बोल्टांवर हातोडी मारून आवाज ऐकायचा. दार वर धरून ठेवणारी खिटी उचलून बघायची, गियरना ग्रीस द्यायचं. पोराला, अल्पेशला, त्याने हे सगळं शाळेच्या वयातच शिकवलं होतं. एक गोष्ट तर कान पिळून शिकवलेली. दुरुस्तीच्या वेळी गियर फिरू नये म्हणून दातांत बोल्ट अडकवावा लागतो; तो कधी नुसता घालायचा नाही. तेलात भिजवलेली चिंधी, तीन वेढे, गाठ वरच्या अंगाला. "लोखंडावर लोखंड घातलंस तर दात उडतील, मग कुठून आनशील?" बिडाचे जुने गियर ते, आता कुणी ओतून देत नाही. गावात असं करणारी माणसं दोनच. बाप आणि लेक.

अल्पेश आता न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. दोन वर्षांपासून घरात एकच कटकट. एका कंपनीला कंटेनरच्या गोदामांसाठी अख्खी खार, म्हणजे बांधाआतली सगळी भातजमीन, हवी होती, आणि हवी तर सगळी, तुकडा नको. गाव तयार. सात घरं तेवढी अडून बसलेली, त्यांत हिरामण आणि उघाडीला लागून शेत असलेली सोनूबाई. पिकती जमीन आम्ही देणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. अल्पेश म्हणायचा, "बा, चिखलात काय ठेवलंय?" हिरामण म्हणायचा, "तुला ठेवलंय. याच चिखलावर वाढलास." मग दोघंही जेवण अर्धं टाकून उठायचे.

श्रावणातली अमावास्या होती. अमावास्येचं उधाण दुपारी बाराच्या सुमारास. सकाळी सहाला ओहोटीवर हिरामणने दार उचललं, विंच लोण्यासारखा फिरला. रात्रभराचं पावसाचं पाणी खळाळत खाडीत निघालं. खिटी बसवून, दांडा काढून, तो चहा-भाकरीला घरी गेला. साडेआठला परत आला, दांडा घातला, खिटी उचलायला गेला तर दांडा तसूभर हलेना.

आता माणूस घाबरतो ना, तेव्हा आधी स्वतःवरच शंका घेतो. वायर गुंडाळते त्या ढोलावर वेढे एकावर एक चढले का? नाही, वेढे नीट. खिटीची स्प्रिंग? ठीक. दार खाचेत तिरकं बसलं? वाकून हात घालून पाहिलं, सरळ होतं. मग राहिलं गियरचं झाकण, चार बोल्टांचं. पिशवीत हात घातला तर पाना नाही. काल रात्री त्यानेच ठेवलेला पाना.

भरतीचं पाणी उघाडीच्या उंबऱ्याला लागलं तेव्हा त्याने डबा वाजवला. ही गावाची जुनी रीत. बांधाला खांड पडली, पाणी आत शिरायला लागलं, की जो बघेल त्याने पत्र्याचा डबा बडवायचा, आणि ज्याच्या कानावर पडेल त्याने हातातला घास टाकून घमेलं घेऊन धावायचं. जमीन कुणाची ते विचारायचं नाही. हिरामण हात दुखेपर्यंत बडवत राहिला. बांधावरून एकच माणूस आलं, सोनूबाई, सत्तरीची, डोक्यावर घमेलं.

"बाकीची कुठं हायत?" तिने विचारलं.

"कामाला गेली असतील," हिरामण म्हणाला. तेव्हा त्याला ते खरंच वाटत होतं.

दगडाने ठोकून ठोकून त्याने झाकणाचे बोल्ट सैल केले. बोटं फुटली. अकरा वाजून गेले. झाकण निघालं, ग्रीसमध्ये हात खुपसला आणि दातांतला बोल्ट हाताला लागला. पहिला विचार आला, ग्रीस देताना माझ्याच हातून पडला. मेलो, गावाला काय तोंड दाखवू. मग बोल्ट बाहेर काढून पुसला.

तेलात भिजवलेली चिंधी. तीन वेढे. गाठ वरच्या अंगाला.

सोनूबाई त्याच्याकडे बघत होती. तिला काही सांगायची त्याची छाती झाली नाही. विंच आता फिरत होता, पण आत घुसणाऱ्या पाण्याच्या जोराने दार खाचेत दाबून बसलं होतं. वायर सैल पडली, दार वीतभर उतरून तिथेच थांबलं. दोघं बांधावर बसून बघत राहिली. गुडघाभर भात आधी हिरवा दिसत होता, मग नुसती टोकं, मग पाणीच पाणी. सोनूबाई रडली नाही. घमेलं पालथं घालून त्यावर बसली होती, तशीच बसून राहिली.

संध्याकाळी समाजमंदिरात बैठक. मागच्या भिंतीला टेकून अल्पेशही बसला होता. भागोजी, बांध समितीचा अध्यक्ष, चेहरा पाडून म्हणाला, "हिरामणकाकाचं वय झालं, विंच जुना, कुनाला दोष द्यायचा? आता ती जमीन न्हाय, मिठागर झालं. राहिलेल्या सात घरांनी सही करावी." कागद तयारच होता. सकाळी पाणी शिरलं आणि संध्याकाळी कागद छापून तयार, काय ती तत्परता.

हिरामणने दिवसभर ठरवलं होतं की बोलायचं नाही. म्हातारा चुकला म्हणतील, म्हणू देत. लेकाचं नाव आपल्या तोंडून जायचं नाही. पण सोनूबाई अंगठा पुढे करायला लागली, आणि त्याला ते बघवेना. तो उठला. चिंधी गुंडाळलेला बोल्ट त्याने सतरंजीच्या मधोमध ठेवला.

"ह्यो गियरमदी व्हता," तो म्हणाला. "ह्यो माझ्या पोरानं घातला."

जीव जळत होता बोलताना. वाटलं, आता गाव पेटेल, अल्पेशच्या अंगावर धावून जाईल, मग आपल्यालाच मध्ये पडावं लागेल. त्याने हातसुद्धा थोडा पुढे केला होता.

कुणी जागचं हललं नाही. एकानेही "कशाला?" म्हणून विचारलं नाही. भागोजी पंख्याकडे बघत होता. त्याच्या शेजारचा मोबाईल चाळत होता. हिरामणने एकेक चेहरा पाहिला, सगळे ओळखीचे, आणि हळूहळू त्याच्या लक्षात आलं की यात नवीन काही ऐकलेला माणूस फक्त सोनूबाई आहे.

"डबा वाजत व्हता," तो म्हणाला. "आयकला व्हतात का?"

मग अल्पेशच म्हणाला, खाली बघत, "आयकला, बा. सगल्यांनी."

मग जवळ आला. लहानपणी चूक झाली की यायचा, तसाच.

"पन विंचचा एक दात तुटू दिला न्हाय मी," तो म्हणाला. "तू बघ पायजे तर."

हिरामणने पाहिलं होतं. दिवसाउजेडी, फुटलेली बोटं फिरवून त्याने एकेक दात तपासला होता. सगळे शाबूत होते.

"व्हय," तो म्हणाला. "शिकवलं मीच."

त्याने सोनूबाईचा हात धरून तिला उठवलं. सायंकाळची ओहोटी लागली होती. आत शिरलेलं खारं पाणी निदान बाहेर तरी सोडायला हवं होतं. दोघं बांधाकडे निघाली. दांडा त्याच्याच हातात होता.