एकाच कार्डावर दोघं

तळेगावात डॉक्टर प्रभाकररावांच्या दवाखान्यात घरटी एकच कार्ड, तेही कर्त्या पुरुषाच्या नावाचं. तीस वर्षं असंच चाललं होतं. दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीत बसणाऱ्या रक्षानं २००७ साली मोठ्या हौसेनं तिथे कॉम्प्युटर आणवला. एकमेकांशी न जुळणारी औषधं कार्डावर दिसली, की त्यातला प्रोग्राम वाजायचा. फार्मसीची पदवी घेतलेली पोर, गावाचं भलं करायला निघाली होती.

प्रोग्राम वाजला, आणि वाजतच राहिला. अण्णाजींच्या कार्डावर त्यांची गुडघेदुखीची गोळी होती, आणि त्यांच्या बायकोची, आनंदाबाईंची, रक्त पातळ ठेवायची गोळीही होती. बाईंच्या हृदयाची झडप बदललेली. दोन्ही गोळ्या एकाच माणसाच्या पोटात गेल्या तर आत रक्तस्राव व्हायची भीती. पण इथे माणसं दोन होती. मशीनला बिचाऱ्याला ते कसं कळावं?

"डॉक्टरसाहेब, प्रत्येकाचं वेगळं कार्ड करू या," रक्षानं तीनदा सांगून पाहिलं.

"कोण काय घेते ते मले तोंडपाठ आहे," ते म्हणाले. "तू त्या मशीनचं तोंड बंद कर. लोकं भेऊन राह्यले."

तोंडपाठ! रोज शंभर पेशंट, आणि म्हणे तोंडपाठ. रक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण नोकरी करणारी बाई चिडून करणार काय? प्रोग्राम वाजला की ती 'तपासलं' असं लिहिलेलं बटण दाबायची. पुढे पुढे तर न बघताच दाबू लागली.

कापूस वेचणीच्या दिवसांत आनंदाबाईंची कंबर धरली. डॉक्टरांनी कार्डावर तीच दुखण्याची गोळी लिहिली. कोणासाठी, ते लिहिलं नाही. प्रोग्राम वाजला. अण्णाजींचीच असेल, असं धरून रक्षानं बटण दाबलं. खिडकीशी आनंदाबाई स्वतः उभ्या होत्या, पण तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. नवव्या दिवशी बाईंना रक्ताची उलटी झाली. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेताना जीपमध्येच त्या गेल्या.

तेरावं आटोपून अण्णाजी दवाखान्यात आले. त्यांना पाहताच रक्षा उभी राहिली.

"अण्णाजी, मशीन वाजलं होतं. मीच बंद केलं. माह्यामुळं गेल्या त्या."

"डॉक्टरसाहेब तं म्हणे, वाजलंच नाई. बिघडलं होतं म्हणे."

"वाजलं होतं. मी खरं सांगून राह्यली."

अण्णाजींनी तिच्याकडे मायेनं पाहिलं. "देवमाणूस हाय तो, पोरी. तो कायले खोटं बोलन? मशीनचा दोष तू काऊन आपल्या अंगावर घेऊन राह्यली?"

तिनं हात जोडून पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी खिडकीतून हात आत घातला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती, तर तिला बरं वाटलं असतं.