औषधाचा वाटो

मिठबावात मासळी घरात आली की शेजारी वाटो द्यायचा, ही रीत कुणी कुणाला शिकवावी लागत नाही. दोनच बांगडे असले तरी त्यातला एक पलीकडे जातो. सुगंधाच्या दारातून मात्र तीन वर्षांत वाटो गेला नव्हता नि आलाही नव्हता. तिचा नवरा गुरुदास आणि थोरला दीर विठोबा यांचं जाळ्याच्या वाटणीवरून फाटलं, दोन घरांमध्ये चिऱ्यांचा गडगा उभा राहिला आणि गुरुदास ट्रॉलरवर वेरावळला निघून गेला. भांडले दोघे पुरुष. अबोला भोगायला राहिली ही. गडग्यापलीकडे तोंड उघडायचं नाही, असं विठोबाने आपल्या बायकोला, जानकीला, बजावून ठेवलं होतं. रविवारी कोपऱ्यावरच्या दुकानात गुरुदासचा फोन यायचा, पण तिथे पाच माणसं कान टवकारून बसलेली. 'बरी आसंय' यापलीकडे ती काय सांगणार? बाकी दिवसभर ती बोलायची चार वर्षांच्या आरोहीशी, आणि आरोही झोपली की मांजराशी. मांजरालाही तिचा कंटाळा आला असावा.

त्या वर्षी दिवाळी सरली आणि आरोहीचा घसा पिकला. अंग तापलं, पाण्याचा घोटही उतरेना. डॉक्टरबाईंनी तपासून गुलाबी लेबलाची, आत पावडर असलेली बाटली दिली. उकळून गार केलेलं पाणी रेघेपर्यंत घालायचं, दर वेळी बाटली हलवायची, तिच्याच टोपणाने मोजून द्यायचं.

"सात दिवस. ताप गेला तरी थांबायचं नाही," बाई म्हणाल्या.

सुगंधाने मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

तिसऱ्या दिवशी ताप पळाला. आरोही पेज मागून खाऊ लागली. त्याच दुपारी, विठोबा किनाऱ्यावर गेलेला असताना, जानकी गडग्याशी येऊन उभी राहिली. पदराखाली स्टीलचा डबा. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, त्यातली गत.

"सुगंधा गो," ती म्हणाली.

तीन वर्षांनी त्या आवाजात आपलं नाव ऐकून सुगंधाचे डोळे भरून आले. हातातली केरसुणी तशीच राहिली.

"माझ्या चंदनाचो घसो सुजलोहा. तापान फणफणलोहा. तुझ्या चेडवाचा औषध उरला आसा काय?"

"दवाखान्यात व्हरा मगे तेका."

"हे म्हणतत काढो दी, बरो होतलो." जानकीने मागे वळून पाहिलं. "आनी हयसून न्हेलंय ता ह्यांका कळता नये."

सुगंधाला सात दिवस आठवले नाहीत असं नाही. आठवले. पण बाटली अर्धी भरलेली, पोर अंगणात खेळतंय, आणि गडग्यावर जाऊ उभी. मासळीचा करतात तसा तिने औषधाचा वाटो केला. अर्धं बाटलीत, अर्धं डब्यात. देताना तिला फार बरं वाटलं.

पुढचे चार दिवस तिने आयुष्यात विसरू नयेत असे गेले. विठोबाची पाठ वळली की जानकी गडग्याशी यायची. कधी सोलकढी आणायची, कधी नुसतीच टेकून बोलायची. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची सून रुसली, सगळं. सुगंधा ऐकताना मधेच हसायची आणि स्वतःच्याच हसण्याने दचकायची. आरोहीची बाटली पाचव्या दिवशीच संपली, त्याचं तिला काही वाटलं नाही.

सातव्या दिवशी सकाळी आरोहीचं अंग पुन्हा भाजत होतं.

तिला कडेवर घेऊन सुगंधा दवाखान्यात शिरली, तर आत बाईंच्या टेबलासमोर विठोबा आणि जानकी. विठोबाच्या मांडीवर आठ वर्षांचा चंदन. अंगभर लाल गांध्या उठलेल्या, एक डोळा सुजून मिटलेला. पोर सारखं खाजवत होतं.

"काल सुंगटा खाल्ल्यान. तीच बाधली," विठोबाने कोळंबीवर खापर फोडलं.

बाईंनी चंदनचा घसा पाहिला. "घशात अजून पू आहे. याआधी काही औषध दिलंत?"

जानकीने नवऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नाय. कायएक दिलव नाय."

बाईंनी गांध्यांसाठी एक गोळी लिहिली, आणि घशासाठी मागच्या फळीवरून बाटली काढली. गुलाबी लेबलाची.

जानकी तिच्याकडेच बघत होती. डोळ्यांनी हात जोडत होती. गप्प राहिलं तर गडग्यावरची दुपार राहील. बोललं तर संपलं. आणि चंदनचा तो मिटलेला डोळा.

"बाई, त्याला औषध दिलंय," सुगंधा म्हणाली. "हेच. आरोहीच्या बाटलीतलं. मी दिलं."

बाईंनी बाटली हळूच परत ठेवली आणि घशासाठी दुसरंच औषध काढलं.

"नशीब सांगितलंत. याला बहुतेक हे औषध सोसत नाही. आणखी दिलं असतं तर श्वास कोंडला असता." त्यांनी कागदावर लाल शाईने ठळक लिहून तो विठोबाच्या हातात दिला. "कुठल्याही दवाखान्यात गेलात की आधी हे दाखवायचं. औषध वजन बघून, पोर बघून देतात. ते वाटून घ्यायचं नसतं. दोघांचंही अर्धवट राहिलं, पाहिलंत ना?"

विठोबाने सुगंधाकडे पाहिलंसुद्धा नाही. बायकोला एवढंच म्हणाला, "चल घराक."

आरोहीला नव्याने बाटली मिळाली. या खेपेला सुगंधाने भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या आणि एकही डोस चुकवला नाही. सातव्या रेघेला आरोही ठणठणीत होती. बाटलीत थोडं उरलं, तेव्हा ते दवाखान्यात परत देऊन टाकावं म्हणून ती बाहेर पडली.

गडग्यावर तिला डबा दिसला. जानकीचा तोच डबा, ज्यात तिने औषध ओतलं होतं. घासून लख्ख केलेला. आपल्यात कुणी भांडं पाठवलं तर त्यात काहीतरी घालून पाठवतात. अगदी काही नसलं तर साखरेचे चार दाणे. तिने घाईघाईने झाकण उघडलं.

आत काही नव्हतं. तिच्या औषधाला लागलेलं भांडंही त्या घराला नको होतं.

पलीकडच्या अंगणात चंदन कोंबड्यांमागे आरडाओरडा करत धावत होता. दोन्ही डोळे उघडे. रिकामा डबा पोटाशी धरून सुगंधा तिथेच बसली आणि त्याचा आवाज ऐकत राहिली. गडग्यापलीकडून तिला आता तेवढंच मिळणार होतं.