मेजरची न्याहारी

माझा थोरला भाऊ गोरक्ष तीन वर्षं माझ्याशी बोलत नव्हता आणि मीही त्याच्याशी बोलत नव्हतो. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन मी शेवगावजवळच्या वस्तीवर परतलो, तर या गृहस्थाने गुरांचा गोठा बरोबर माझ्या दारासमोर बांधलेला. रोज सकाळी शेणाचा वास घेत मी चहा प्यायचा. तरी एका अंगणात राहायचं म्हणजे काही ना काही सांगावं लागतंच, म्हणून आम्ही दोघं माझ्या कुत्र्याशी बोलायचो.

"मेजर, तुझ्या मालकाला म्हनावं, सायकल वाटंतनं काढ."

"मेजर, त्यांना सांग, वाट माझ्याही बापाची आहे."

छबूवहिनी तोंडाला पदर लावून हसायची. मला हसू येत नसे.

मेजर नगरच्या कॅम्पातून आणलेला, वासराएवढा, खोल छातीचा. फौजेत बारा वर्षं मी कुत्रीच सांभाळली. असल्या कुत्र्याला भरल्या पोटी पळवलं तर पोट फुगतं, जठराला पीळ बसतो आणि काही तासांत जनावर हातचं जातं. म्हणून पहाटे पाचला रिकाम्या पोटी सायकलबरोबर पळायचं, आल्यावर तासभर पडून राहायचं, मग भाकरी. गोरक्षला हे बघवत नसे. बैलाला वैरण घातल्याशिवाय त्याने कधी जू ठेवलं नाही. "मेजर, उपाशी जनावर पळवनारा मानूस लई शिकल्याला हाय बरं का," हे मला रोज ऐकावं लागायचं.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर त्याची म्हैस व्यायली. आमच्याकडे चीक घरोघर जातो. वस्तीवर सगळ्यांकडे वाट्या गेल्या, माझ्याकडे आली नाही. मी दारात बसून त्या जाताना पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सायकल काढली, तेव्हा गोरक्ष गोठ्याच्या तोंडाशी रिकामं घमेलं घेऊन उभा होता.

"मेजर, घमेलंभर चीक-भाकर हाणलीस न्हवं? आता पळू नगंस. गप पडून ऱ्हा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भावाचा वाटा कुत्र्याला घातला आणि वर तो मोठ्याने सांगतोय. नाहीतर खोटंच सांगून खिजवतोय. मेजरचं तोंड ओलं होतं. ते मी पाहिलं.

"मेजर, त्यांना सांग, तुला कधी पळवायचं ते मला कळतं," मी म्हणालो आणि पायडल मारलं.

रोज मी मारुतीच्या देवळापासून परत फिरायचो. त्या दिवशी फिरलो नाही. गोरक्षचा एकेक शब्द आठवत होता आणि पाय आपोआप जोर लावत होते. मेजर बिचारा जीव तोडून पळत होता. पाटाच्या पुलापाशी तो थांबला. ओकायला वाकला, पण नुसता फेस आला. पुन्हा वाकला, पुन्हा फेस. मी पोटाला हात लावला. ते दगडासारखं झालं होतं.

सायकलवर एवढं धूड घालता येईना. मी रस्त्यात उभा राहून येईल त्या गाडीला हात करत होतो आणि आला तो गोरक्षचाच दुधाचा टेम्पो. त्याने एकदा मेजरकडे पाहिलं, खाली उतरला, चार कॅन रस्त्याच्या कडेला ठेवले. दोघांनी मिळून मेजरला उचलून मागे घातलं. मी त्याच्याजवळ बसलो. शेवगावपर्यंत गोरक्षने एकदाही मागे पाहिलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरांना घरातून उठवावं लागलं. त्यांनी जाड सुई पोटात घातली, थोडी हवा निघाली, पण मेजरच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"पीळ बसलाय. खाल्लं कधी होतं?"

"चारला," गोरक्ष म्हणाला.

"आणि पळवलं?"

"पाचला," मी म्हणालो.

डॉक्टरांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. "एका घरातले ना तुम्ही? एकमेकांना सांगता येत नाही?"

अर्ध्या तासात मेजर गेला. टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्या तोंडाकडे बघून बोललो.

"तू मारलंस त्याला."

"म्या तुला सांगितलं हुतं, सूर्या," तो म्हणाला. "तू ऐकलंस. आन् मंग आजून जोरात गेलास."

डॉक्टर हात धुवायचे थांबले होते. नाही म्हणायला मी तोंड उघडलं, पण ते खरं होतं. आणि ते त्याने परक्या माणसासमोर बोलून दाखवलं, हे मी त्याला आजतागायत माफ केलेलं नाही.