भावकीतली मयत

"खुर्ची जरा वाकडी घ्या ताई, चौकटीला अटकतीय," समोरची शकीलाभाभी म्हणाली.

वच्छलाबाईने नवऱ्याची चाकाची खुर्ची गल्ली ओलांडून शकीलाच्या घरात नेली. बन्सी चिकलठाण्याच्या कंपनीत फिटर होता. दोन वर्षांत नसांच्या एका आजाराने त्याचे हातपाय नेले, मग वाचाही. आता तो खुर्चीला बसवलेल्या स्क्रीनवर नजरेने एकेक अक्षर टिपायचा, की मशीन वाक्य बोलायचं. दवाखान्यातल्या तनुजा मॅडमनी चार महिने खपून ते शिकवलं होतं. परवाच त्याने सांगून सांगून लेकीच्या, अपेक्षाच्या हातून मिक्सर दुरुस्त करून घेतला. घर नीट चाललं होतं. तरी आज अपेक्षाला बघायला पाहुणे येणार म्हणून वच्छलाबाईने ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

"तासाभराचं हाय," ती नजर चुकवत म्हणाली. "आजार बघितला की लोक म्हणत्यात, पोरीलाबी व्हईल."

बन्सीने डोळे मिटून हो म्हटलं.

जालन्याचे पाहुणे आले. पोहे झाले, अपेक्षा पसंत पडली. मुलाचे चुलते काकासाहेब म्हणाले, "मुलीचे वडील दिसंनात?"

"गावाकडं गेलेत," वच्छलाबाई बोलून गेली. "भावकीत मयत झाली."

काकासाहेबांनी हातातला चहा खाली ठेवला. "मग सुतक असंल की तुम्हाला. आधी सांगायचं, बाई. सुतक फिटल्यावर बोलू."

पाहुणे उठले. वच्छलाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती समोरच्या घरात गेली. बन्सीची नजर स्क्रीनवर हलली. वाक्य तयारच होतं, तासभर जुळवलेलं. मशीन बोललं, "मी कुठं गेलो म्हणून सांगितलंस? कोणी विचारलं तर मीबी तेच सांगीन."

ज्याला लपवलं, तोच तिचं खोटं सांभाळायला बसला होता. तिला स्वतःची शिसारी आली. तिने पदराने तोंड पुसलं, मोबाइल काढला आणि काकासाहेबांना फोन लावला.

"भाऊ, मयत-बियत काय नाय झाली. मी खोटं बोलले. आमचे मालक आजारी हायेत, बोलणं मशीनवर हाय. मला लाज वाटली त्यांची."

तिने फोन बन्सीपुढे धरला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. एक अक्षर उमटलं. पलीकडून काकासाहेब हॅलो, हॅलो करत होते.

"ठेवू नका, भाऊ," वच्छलाबाई म्हणाली. "अपेक्षाचे वडील बोलायलेत. जरा वेळ लागतो त्यांना."