कोऱ्या कागदावरचे बोट

चष्म्याच्या दुकानाच्या मालकाने मला फुकट देऊन टाकले, यात त्याचा फायदाच फायदा होता. अडगळ गेली, दिलदार म्हणून नाव झाले, आणि नोकरी सोडून जाणाऱ्या बाईला निरोपाची भेट द्यायची होती तीही परस्पर भागली. जिला दिले तिलाही वाटले, आपलेच फावले. देणारा आणि घेणारा दोघेही खूश असले, की शहाण्याने बिल कोणाच्या नावावर फाटले आहे ते शोधावे. मी तेव्हा शहाणा नव्हतो. मी खोक्यात होतो.

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. अंगाने करडा, आवाजाने घोगरा, कागद ओढताना थोडा कण्हणारा. माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या तोंडात कागद दिला, बाहेर आलेल्या काळ्या रेघा पाहिल्या आणि पाठीवर थाप मारून म्हणाली, "जा." माझे सगळे शिक्षण तेवढेच. पुढे मी जन्मभर दुसऱ्यांच्या शिक्षणाचे कागद छापले.

चष्म्याच्या दुकानात मी नंबराच्या चिठ्ठ्या छापत असे. तिथे जी बाई गिऱ्हाइकांना अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवायची, तीच आपल्या गोष्टीतली आई. तिच्यापुढे कोणाची डाळ शिजत नसे. रांगेत बसल्या बसल्या तक्ता पाठ करणारे आजोबा ती पहिल्या ओळीत ओळखायची. "आजोबा, पाठांतर उत्तम आहे, आता नजर दाखवा," असे म्हणून हळूच तक्ता उलटा फिरवायची. परक्यांची लबाडी चटकन दिसते. घरातले दिसायला मात्र कुठला नंबर लागतो, ते त्या दुकानालाही ठाऊक नव्हते.

आईला दोन मुले. मोठा दादा. साबणाच्या वेष्टनामागचा मजकूरही तो वाचून काढायचा. धाकटी भिंगरी. एका जागी बसत नाही म्हणून घरातले तिला भिंगरी म्हणायचे. भिंगरीला गोष्टी सांगता यायच्या, नकला यायच्या, वेड्यावाकड्या कुलपांच्या किल्ल्या ओळखता यायच्या. शाळेत मात्र वाचायची पाळी आली की वर्ग हसायचा आणि हिचे पोट दुखायचे. शाळेचा शेरा यायचा, 'लक्ष नाही.' आईने दुकानातच तिचे डोळे तपासले, नजर लख्ख. मग एका सकाळी भिंगरी बाथरूमची कडी लावून बसली ती उघडेचना. आई दाराबाहेर फरशीवर बसली आणि म्हणाली, "नाही जायचं तुला परत तिथं. मी शिकवीन घरी. शब्द देते."

कडी उघडली. त्या शब्दावर आईने नोकरी सोडली आणि मी या घरात आलो.

आईचा हिशेब सरळ होता. मुलगी रडायची थांबणार, दादाही आयता घरीच शिकणार, आणि शाळेत शिकवणाऱ्या स्वतःच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे मुलांच्या मावशीचे, तोंड बंद होणार. तिसरा फायदा ती बोलून दाखवत नसे. पण कागद माझ्यात घालताना तिची जिवणी ज्या तऱ्हेने आवळली जायची, त्यावरून मला कळायचे.

माझी जागा जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला होती. उरलेल्या टेबलावर शाळा भरायची आणि जेवणे उरकायची. पहिला अभ्यासक्रम गोष्टींतून शिकवणारा होता. मी कोल्हे छापले, राजे छापले. आई माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, "तू नसतास तर काय केलं असतं रे!" मित्रांनो, यंत्रालाही कौतुक कळते. माझे कण्हणे आठवडाभर बंद होते.

भिंगरी आधी फुलली, मग अडखळू लागली. लगेच दुसरा अभ्यासक्रम आला, निसर्गातून शिकवणारा. मी पाने छापली, मुळे छापली, हिरव्या रंगापायी माझी निळी-पिवळी शाई आटली. तिसऱ्यात मुलाने स्वतःच ठरवायचे होते, काय शिकायचे. भिंगरीने दाराला लोंबकळायचे ठरवले. चौथा शिस्तीचा, त्यात तासातासाला घंटा. दरवेळी आई म्हणायची, "या वेळी सापडलंच बघ!" आणि दरवेळी मी जाडजूड गठ्ठा बाहेर काढायचो. घरी शिकवणाऱ्या पालकांचा फोनवर एक गट होता. त्या गटात कोणाच्याही मुलाला काही येत नाही, असे कधी घडलेच नाही. तिथले वाचून आई काळवंडायची आणि नवा गठ्ठा छापायला घ्यायची.

मावशी यायची ती माझ्याकडे बघतच. "अगं, घर आहे का छापखाना? पोरगी शिकतेय की नाही देव जाणे, हा प्रिंटर मात्र पदवीधर होणार!"

"तुझ्या वर्गात चाळीस पोरं, ताई. त्यातली किती शिकतात ते मोज आधी."

"मोजते ना. पण न शिकलेल्याला मी पुस्तक बदलून देत नाही. शेजारी बसते."

"इथं दुसरं काय करते मी? दिवसभर शेजारीच आहे तिच्या!"

हे खरे होते. आई शेजारीच असायची. फक्त बसण्याची एक रीत होती. "आधी मी वाचते, मग तू वाच," असे म्हणून ती प्रत्येक धडा स्वतः वाचून दाखवायची, छान चढउतारांसकट. मग भिंगरी वाचायची, तशीच छान. आईने एकामागून एक अभ्यासक्रम बदलले, पण ही रीत बदलली नाही. बदलणार कशी? ती कुठल्याच अभ्यासक्रमात छापलेली नव्हती.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. भिंतीवरच्या प्रगतीच्या तक्त्यात भिंगरीच्या नावापुढे चिकटवलेल्या चांदण्या बघून ते एकदा म्हणाले, "आमच्याकडं असं होतं कधीकधी. वरचे आकडे बदलताना दिसतात आणि लिफ्ट तळमजल्यावरच असते." आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

मग वर्षअखेरीची तपासणी जवळ आली. घरी शिकणाऱ्या मुलांना तपासायला एक तपासनीस बाई यायच्या. मुलाला वयाजोगे वाचता आले तर ठीक. नाही तर परत शाळा, आणि तीही ज्या इयत्तेचे वाचता येईल त्या इयत्तेत. भिंगरीच्या बाबतीत याचा अर्थ होता तसाच हसणारा वर्ग, आणि तोही आधीच्याहून खालचा. सरावासाठी बाईंनी तीन उतारे पाठवले होते. त्यातलाच एक विचारणार होत्या. आईने ते सकाळी संगणकाच्या पडद्यावरूनच वाचून दाखवले आणि मग छापायला दिले.

माझी काळी शाई त्याच दिवशी संपत आली होती. मी दिवा लुकलुकवून सांगितले, पण त्या घरात माझ्या दिव्याकडे लक्ष द्यायला सवड कोणाला होती? पहिल्या उताऱ्याच्या वरच्या चार ओळी ठळक आल्या, पुढच्या फिकट, आणि त्याखाली निव्वळ पांढरा कागद.

आई ओट्याशी कणीक मळत होती. "घे गं तो कागद, आणि वाच मोठ्यानं. मी ऐकतेय."

भिंगरीने माझ्या पुढ्यातून कागद उचलला. वाचू लागली. नावाड्याचा उतारा होता. नदी, वल्हे, पलीकडच्या तीरावरचा दिवा. एक शब्द चुकला नाही. आईचे हात थांबले. चेहरा उजळला. कणकेच्या हातांनीच ती मुलीला जवळ घ्यायला वळली, आणि जागीच उभी राहिली.

भिंगरी आईच्या चेहऱ्याकडे बघून वाचत होती. तिचे बोट कागदावर सरकत होते, डावीकडून उजवीकडे, अगदी शिकवल्याप्रमाणे. कोऱ्या कागदावर.

"भिंगरे," आई म्हणाली, "इथं काय लिहिलंय?"

"तो दिवा त्याच्या घरचा होता."

"इथं?"

भिंगरीने तेव्हा कुठे खाली पाहिले. बोट झटकन उचलले, जणू तवा लागला.

टेबलाशी वाचत बसलेला दादा पुस्तकात आणखी खाली वाकला. आईला तेवढे पुरले. "तुला माहीत होतं?"

"सूचना मी वाचून देतो तिला," दादा पुटपुटला. "बदल्यात ती माझी भाजी खाते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

भिंगरी रडली नाही. ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "अक्षरं मला सगळी सारखीच दिसतात गं. पण तू वाचतेस ना, ते लगेच डोक्यात बसतं. तू एकदा वाचलंस की झालं. तुला बरं वाटतं."

तक्ता उलटा फिरवून आजोबांना पकडणारी ती बाई खुर्चीत बसली. कणीक हातावर सुकेपर्यंत बसून राहिली. मग तिने सगळे गठ्ठे कपाटातून काढले, कोल्हे, पाने, घंटांची वेळापत्रके, आणि टेबलावर पसरून वेड्यासारखी उलटू लागली. जणू मुलगी त्यातच कुठेतरी पडली होती आणि सापडायची होती. बाबा घरी आले ते या पसाऱ्यात. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"अक्षरं शिकवते मी तिला. आत्तापासून, पहिल्यापासून," आई म्हणाली.

"तपासणी परवा आहे."

"मग काय करू? सांगा ना, काय करू?"

"तीन उतारे तर आहेत. तिला एकदा ऐकलं की येतं. म्हणू दे. एक वर्ष तरी हातात पडेल."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढचं पुढं."

 आईने उरलेले दोन उतारे पुन्हा वाचायला घेतले. भिंगरी पुढ्यात बसली. दादाने कागद कसा धरायचा, कुठे थांबून पान उलटायचे, कुठे नजर खाली ठेवायची, ते शिकवले. बाबा तपासनीस बाई झाले, नाकावर चष्मा ओढून. सगळे हसलेसुद्धा. त्या टेबलावर इतकी एकोप्याची शाळा मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. भिंगरी झोपायला जाताना म्हणाली, "आता नाही ना जावं लागणार?" आई म्हणाली, "नाही."

तपासनीस बाई आल्या, पाणी प्यायल्या, नावाड्याचाच उतारा काढला. भिंगरीने वाचला. नजर खाली, बोट ओळीवर. पलीकडच्या तीरावरचा दिवा आला तेव्हा बाईंचेही डोळे निवले.

"वा! किती स्पष्ट. अहो, शाळेतली मुलंसुद्धा अशी वाचत नाहीत. आईचे कष्ट दिसतात हं." त्यांनी पेन उघडले.

आईने हात पुढे केला आणि कागदावर ठेवला.

"बाई, तिला दुसरं काहीतरी द्या. या तिन्हींतलं नको."

"आई?" भिंगरी म्हणाली.

बाईंनी पिशवीतून एक पातळ पुस्तक काढले आणि उघडून पुढे ठेवले. भिंगरीने पहिल्या अक्षरावर बोट ठेवले. बोट तिथेच राहिले. मी बंद होतो, पण आत कागद अडकावा तसे मला झाले. मग ती आईकडे वळली.

"तू शब्द दिला होतास."

आईने मान हलवली. दिला होता. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. बाईंनी पुस्तक हळूच मिटले.

रात्री बाबांनी विचारले, "का केलंस?" आई म्हणाली, "ती इतकं छान म्हणत होती, की आपण तिला जन्मभर नुसतं म्हणायलाच लावलं असतं."

आता भिंगरी शाळेत जाते. लहानांच्या बाकाखाली तिचे गुडघे मावत नाहीत. अडखळणाऱ्या मुलांना वेगळे बसवून अक्षरे शिकवणाऱ्या एक बाई त्या शाळेत आहेत. पण त्यांच्यापुढे मुले पुष्कळ आणि भिंगरीची पाळी अजून यायची आहे. आई रोज विचारते, "काय झालं आज?" भिंगरी म्हणते, "काही नाही." नकला बंद झाल्या आहेत. माझी वायर आईने नीट गुंडाळून ठेवली. माझ्या आत शाईचा वाळून खडा झाला आहे आणि डोक्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग आहे.

मित्रांनो, जुन्या यंत्राचे एवढे ऐका. येत नसेल तर 'येत नाही' असे लवकर सांगा. उशिरा सांगितले की ते महाग पडते. आणि तुमच्या घरातल्या मोठ्यांना सांगा, मूल अडले तर नवा गठ्ठा छापू नका. गप्प बसा, त्याला आधी वाचू द्या, आणि त्याचे बोट कुठे आहे ते बघा.

राहिला हिशेब. दुकानाच्या मालकाची जागा मोकळी झाली. मावशीचे म्हणणे खरे ठरले. दादा पुढच्या इयत्तेत गेला. त्याला आता स्वतःची भाजी स्वतः खावी लागते. बाबांना पुढचे पुढे बघायला मिळाले. आईला निदान खरे काय ते कळले. खोट्यात सगळे घर भागीदार होते. खऱ्याची किंमत मात्र भिंगरीने भरली, एकटीने.